सिग्नलचा दिवा : निरांजन कीं समई ?

नाहूर येथील आमच्या एका वाचकांनीं एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचें घर रेल्वेमार्गाच्या कडेस असून गच्चींतून सिग्नलचा खांब समोर दिसतो. ते लिहितात : 'घरांतील सारे जुने बल्ब काढून आम्हीं एलईडीचे दिवे लाविले, त्यास पुष्कळ वर्षें झालीं. विजेचें बिल उतरलें, हें खरें. रेल्वेनेंहि सिग्नलांतील दिवे असेच बदलले आहेत. तेथेंहि बिल वांचविणें हाच हेतु असेल काय ? आणि आमच्या घरांतील दोन एलईडी दिवे वर्षाच्या आंतच गेले, तसा सिग्नलचा दिवा गेला तर पुढें काय होतें ?' या प्रश्नावरून घरांत वडील मंडळी व तरुण मंडळी असे दोन पक्ष पडले आहेत, असेंहि त्यांनीं शेवटीं कळविलें आहे.

प्रश्न दिसतो लहान, परंतु रोज सकाळीं घरांतील तीन-चार माणसें ज्या गाडीनें कामावर जातात व संध्याकाळीं जिच्या भरवशावर घरीं परततात, त्या गाडीशीं त्याचा संबंध आहे. म्हणून या महिन्याचीं पानें आम्ही त्याच एका प्रश्नास देत आहों.

प्रथम घरची गोष्ट पाहूं. जुना बल्ब म्हणजे कांचेच्या फुग्यांत बसविलेली टंगस्टन धातूची केसासारखी तार. तींतून वीज वाहूं लागली कीं ती तापून पांढरी होते आणि प्रकाश देते. एडिसननें १८७९ सालीं आपला दिवा लोकांस दाखविला तेव्हां ती तार कोळशाची होती. टंगस्टनची चिवट तार १९१० च्या सुमारास आली. तार बदलली, पण तत्त्व तेंच राहिलें. हा दिवा आधीं शेगडी आहे आणि मग दिवा आहे. त्याला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकीं प्रकाशाच्या रूपानें फार तर पांच भाग हातीं लागतात. बाकीची वीज उष्णता होऊन जाते.

एलईडीची जात अगदीं निराळी. त्यांत तापणारी तार नाहीं. एका विशिष्ट अर्धवाहक पदार्थाच्या बारीक तुकड्यांतून वीज गेली म्हणजे तो पदार्थच ठराविक रंगाचा प्रकाश देतो. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं डोळ्यांस दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा पहिला उपयुक्त एलईडी तयार केला. निळ्या रंगासाठीं मात्र तीस वर्षें वाट पाहावी लागली. तें काम करणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा प्रकाश हातीं आल्यावर पांढरा साधला, आणि एलईडी दिवाणखान्यांत आला. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या 'उजाला' योजनेमुळें ९ वॅटचे हे दिवे घरोघर पोंचले, आणि जेथें ६० वॅटचा बल्ब जळत असे तेथें ते बसले.

घरीं हा हिशेब येथेंच संपतो. दिवा गेला तर कोणीतरी 'अरे, दिवा गेला' म्हणून ओरडतो, दुकानांतून दुसरा येतो, आणि तोंपर्यंत शेजारच्या खोलींतील उजेडावर भागतें. घरांतील दिवा पाहण्यासाठीं माणसें नेहमींच असतात, म्हणून घरीं दिव्याचा प्रश्न हा बिलाचा प्रश्न होऊं शकतो. रुळांकडेच्या खांबावरील दिव्याची स्थिति अशी नाहीं.

नाहूर हें भांडुप व मुलुंड यांच्या मधलें जुनें गांव. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास ३४ किलोमीटरांचा प्रवास करून जी पहिली गाडी गेली, ती याच गांवाच्या बाजूनें गेली. परंतु गाडीनें नाहूरास थांबावें यासाठीं २००६ साल उजाडावें लागलें. आज तेथें धीम्या गाड्या थांबतात आणि जलद गाड्या फलाटाशेजारून धडधडत निघून जातात. गर्दीच्या वेळीं तीन-चार मिनिटांच्या अंतरानें एकीमागून एक गाडी त्याच रुळावरून येत असते. भरधांव जाणाऱ्या लोकलला ब्रेक लावल्यावर पूर्ण उभी राहण्यास कित्येक शें मीटर अंतर लागतें. तेव्हां पुढची गाडी डोळ्यांस दिसल्यावर मग थांबूं, असें मोटरमनला म्हणतां येत नाहीं. पुढें काय आहे हें त्यास पूर्वींच कळलें पाहिजे, आणि तें सांगण्याचें काम खांबावरील दिव्याचें.

हें काम पूर्वीं लांकडी किंवा लोखंडी हात करीत असे. त्या हाताची आठवण आपल्या भाषेंत अजून शिल्लक आहे. गाडी येण्याची वेळ झाली म्हणजे जुनीं माणसें 'सिग्नल पडला' असें म्हणतात, तें खांबावरचा आडवा हात खालीं कलत असे म्हणून. दिवसां हात दिसे. रात्रीं त्याच्या मागें घासलेटचा कंदील ठेवीत आणि हाताबरोबर हलणाऱ्या तांबड्या व हिरव्या कांचा त्यापुढें येत. यांतील हिरवी कांच वस्तुतः निळसर असे. घासलेटची ज्योत पिंवळी, तिच्यापुढें निळसर कांच धरली म्हणजे दुरून हिरवा प्रकाश दिसे. दिवा व कांच हीं जोडीनें ठरवावीं लागतात, एक बदलला तर दुसरीहि बदलावी लागते, हा धडा रेल्वेच्या लोकांनीं तेव्हांच घेतला होता.

दुसरा धडा याहून मोलाचा. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत पांढरा दिवा म्हणजे 'मार्ग मोकळा', असा प्रघात होता. परंतु तांबडी कांच फुटून पडली तर मागचा कंदील पांढराच दिसणार, आणि थांबण्याच्या जागीं चालकास 'जा' असा हुकूम मिळणार ! तेव्हां पांढरा रंग त्या कामांतून निघाला आणि हिरवा आला. वस्तु मोडल्यावर तिनें काय सांगावें, याचा विचार ती धड असतांनाच करून ठेवावयाचा, हें सिग्नलशास्त्राचें पहिलें सूत्र होय. पावसाळ्यांत रुळांवर पाणी चढलें कीं सिग्नल तांबडे होतात आणि आपण गाडींत बसून रेल्वेस बोल लावतों. रुळांतून खेळविलेल्या मंद विजेवरून गाडी कोठें आहे हें यंत्रास कळतें. पाण्यानें ती वीज भलतीकडे गेली कीं यंत्र 'येथें गाडी आहे' असें धरून चालतें व तांबडा दिवा लावतें. गैरसोय होते खरी, पण संशय आला असतां थांबविणें हेंच त्या यंत्रास शिकविलेलें आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत विजेची गाडी सुरू झाली, आणि १९२८ सालीं जी. आय. पी. रेल्वेनें व्हिक्टोरिया टर्मिनस व भायखळा यांच्या दरम्यान आपोआप चालणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल बसविले. हिंदुस्थानांतील हे तसले पहिले सिग्नल. हात गेला आणि दिवसां व रात्रीं एकच दिवा बोलूं लागला. आज नाहूरास दिसणारी भाषा तीच : तांबडा म्हणजे थांब, एक पिंवळा म्हणजे पुढच्या सिग्नलाशीं थांबण्याच्या तयारीनें चल, दोन पिंवळे म्हणजे सावध राहून चल, हिरवा म्हणजे मार्ग मोकळा. दोन पिंवळ्यांतील एक दिवा विझला तर काय उरतें पाहा. एक पिंवळा उरतो, म्हणजे आधींच्याहून कडक आज्ञा उरते. चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूस व्हावी, अशी ही योजना आहे.

या रंगीत सिग्नलांत अनेक दशकें तारेचाच बल्ब होता. तो घरच्यासारखा नव्हे. १२ व्होल्टांवर चालणारा, २४ वॅटच्या आसपासचा, आंत एकाऐवजीं दोन तारा असलेला हा बल्ब असे. मुख्य तार तुटली कीं दुसरी तार पेटे आणि सिग्नलाच्या कचेरींत त्याची सूचना मिळे. बल्बापुढें रंगीत भिंग व त्यापुढें साधें भिंग. तांबड्या भिंगांतून फक्त तांबडा प्रकाश बाहेर पडे व बाकीचे रंग आंतच अडत. म्हणजे आधींच शंभरांत पांच भाग प्रकाश, आणि त्यांतूनहि मोठा हिस्सा भिंगानें खाल्लेला. उधळेपणा म्हणावा तर तो येथें होता.

परंतु खरी अडचण आयुष्याची. साधा बल्ब सुमारें १,००० तास जळतो. अखंड जळत राहिला तर हे ४२ दिवसहि भरत नाहींत. म्हणून सिग्नलाच्या बल्बास ठरीव दाबापेक्षां थोडा कमी दाब देत. दाब दहा टक्के कमी केला तर प्रकाश सुमारें तीस टक्के घटतो, पण आयुष्य तिपटीहून अधिक होतें. हा सौदा सोईचा असला तरी नाहूरासारख्या ठिकाणीं दुसरी एक गोष्ट आड येते. थंड तारेंत वीज शिरतांना पहिल्या क्षणीं प्रवाह नेहमींच्या कित्येक पट असतो; म्हणूनच घरचा जुना बल्ब बहुधा बटण दाबतांनाच जात असे. येथें तर प्रत्येक गाडीगणिक हिरवा विझून तांबडा, तांबडा विझून पिंवळा, असें चक्र दिवसांतून शेंकडों वेळां फिरतें. तार त्यानें झिजते.

बल्ब गेला म्हणजे तो बदलण्यास माणूस जातो. त्या माणसाचा विचार आपण गाडींत बसून क्वचितच करतों. एका हातांत हत्यारें घेऊन, दोन्ही बाजूंनीं धांवणाऱ्या गाड्यांमधून, बहुधा पावसांत व बहुधा रात्रीं, तो रूळ ओलांडून खांबावर चढतो. २२ जानेवारी २०२४ च्या रात्रीं वसई रोड व नायगांव यांच्या दरम्यान सिग्नल-यंत्रणेंतील बिघाडाच्या कामावर गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलच्या धडकेनें जागींच मरण पावले. बिघाड कोणताहि असो, त्याच्या दुरुस्तीस माणसाला रुळांवरच जावें लागतें. खांबाकडे घालावी लागणारी प्रत्येक खेप टळली तर एका घरची एक काळजी टळते. आमच्या मतें एलईडीच्या बाजूनें सर्वांत बलवान मुद्दा हा आहे, आणि विजेच्या बिलांत तो कोठेंहि दिसत नाहीं.

एलईडीचे इतर गुणहि खरे आहेत. तांबडा एलईडी जन्मतःच तांबडा असतो, त्याला रंगीत भिंगाची चाळणी लागत नाहीं. शिवाय भिंग रंगीत नसल्यानें एक जुना धोका कमी होतो. नाहूराहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्यांसाठीं असलेल्या सिग्नलांचीं तोंडें साधारणपणें दक्षिण-नैऋत्येकडे आहेत. हिवाळ्यांत दुपार कलली म्हणजे सूर्य त्याच बाजूस खालीं उतरतो. तिरपें ऊन भिंगांतून आंत शिरून रंगीत कांचेवरून परत फिरलें तर न लागलेला दिवा लागल्यासारखा भासतो. रंगीत भिंगाच्या सिग्नलांचा हा भुताटकीचा उजेड जगभरच्या चालकांस ठाऊक आहे. एलईडींत रंगीत कांच नाहीं व मागें आरशाची वाटीहि नाहीं, त्यामुळें हा आभास पुष्कळ कमी होतो. एकदम चालू-बंद करण्याचाहि एलईडीस त्रास नाहीं.

येथवर वाचून घरांतील तरुण पक्ष वाद जिंकल्याच्या आनंदांत असेल. परंतु वडील मंडळींची शंका पोकळ नाहीं. ती समजण्यासाठीं आपण देवघरांत जाऊं.

निरांजनांत एक वात असते. ती जळते किंवा विझते. तिसरी अवस्था फार वेळ टिकत नाहीं. निरांजन विझलें कीं देवघरांत अंधार होतो आणि घरांतील लहान मुलासहि तें कळतें. समईची गोष्ट अशी नाहीं. तिच्या पांच वातींतील एक विझली तर उजेडांत फारसा फरक दिसत नाहीं. दुसरी विझली तरी 'समई तेवते आहे' असेंच आपण म्हणतों. ती किती तेवते आहे, हें कोणी जवळ जाऊन वाती मोजील तेव्हांच कळतें.

तारेचा बल्ब हें निरांजन आहे, आणि एलईडीचा सिग्नल ही समई आहे. सिग्नलाच्या एका तोंडांत अनेक बारीक एलईडी ओळींनीं बसविलेले असतात. एक-दोन गेल्यानें सिग्नल बंद पडत नाहीं, हा मोठाच गुण. बल्बाप्रमाणें सारा भार एका तारेवर नाहीं. पण त्याच गुणाच्या पोटीं दोष आहे. वाती एकेक करून विझत जातील, आणि सिग्नल मंद होत होत अशा थरास येईल कीं खांबाशीं उभ्या असलेल्या माणसास तो लागलेला दिसेल, परंतु पावसांतून येणाऱ्या मोटरमनला योग्य अंतरावरून दिसणार नाहीं. यांत भर अशी कीं, न जळालेला एलईडीहि वयोमानानें फिका होत जातो. कारखानदार एलईडीचें आयुष्य हजारों तासांत सांगतात. बहुधा तें दिवा विझेपर्यंतचें नसून त्याचा प्रकाश मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचें असतें. म्हणजे येथें आयुष्य या शब्दाचा अर्थच बदलला. बल्ब मरतो, एलईडी म्हातारा होतो.

बल्ब गेला हें यंत्रास कसें कळे ? बल्बाच्या मार्गांतच एक रिले बसविलेला असतो. बल्बांतून प्रवाह वाहतो तोंवर तो रिले ओढलेला राहतो. तार तुटली, प्रवाह थांबला, कीं तो सुटून पडतो. त्यावरून 'अमुक दिवा गेला' ही वार्ता कचेरींत पोंचते. आणि गेलेला दिवा तांबडा असेल तर त्याच्या मागचा सिग्नल तांबडा होतो, जेणेंकरून विझलेल्या खांबापर्यंत कोणी बेसावधपणें पोंचूं नये. शिवाय विझलेला सिग्नल म्हणजे तांबडाच समजावयाचा, असा चालकांस नियम आहे. आमच्या वाचकांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. निरांजन विझल्याची वार्ता अशी हमखास पोंचते. समईस ही विद्या मुद्दाम शिकवावी लागली.

ती शिकविली गेली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. लखनौ येथील आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन व मानकें ठरविणारी संस्था आहे. सिग्नलांच्या एलईडी दिव्यांचे नियम ती ठरवून देते. त्या दिव्याबरोबर त्याची प्रकृति पाहणारा एक भाग जोडलेला असतो. ठराविक प्रमाणापेक्षां अधिक वाती गेल्या तर उरलेल्या तेवत ठेवून लोकांस भुलवावयाचें नाहीं. सबंध दिवाच तोडून टाकावयाचा, म्हणजे रिले सुटतो व दिवा गेल्याची वार्ता पोंचते. अर्धवट जिवंत राहण्यापेक्षां उघडपणें मरणें बरें, असा हा नियम. तसेंच, एलईडीस उजेडापुरती लागणारी वीज इतकी थोडी कीं जुना रिले तिच्यानें ओढलेला राहणार नाहीं. म्हणून हा दिवा उजेडाच्या गरजेपेक्षां अधिक वीज मुद्दाम घेतो. आपण जिवंत आहों हें सांगण्यासाठीं भरलेला हा कर म्हणावा. यास्तव सिग्नलांत विजेची बचत होत असली तरी ती घरच्याइतकी मोठी होत नाहीं. वाचकांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आलें. बिल हा मुख्य हेतु असता, तर ही वीजहि वांचविली असती.

दुसरी विद्या याहून अवघड. बटण बंद असतांहि एखादा एलईडी दिवा रात्रभर मंद उजळत राहतो, हें पुष्कळांनीं घरीं पाहिलें असेल. शेजारच्या तारेंतून चुकून आलेली अगदीं थोडी वीजहि त्यास पुरते. घरीं ती गंमत असते. सिग्नलांत तीच प्राणघातक ठरेल, कारण न लावलेला हिरवा दिवा लागलेला दिसेल. तारेच्या बल्बास हा धोका नव्हता. त्यास उजळण्यास सुमारें दोन अँपिअर प्रवाह लागे. चोरट्या विजेनें त्याची तार कोमटहि होत नसे. मुंबईंत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा झाला, कारण मध्य रेल्वेच्या येथील मुख्य मार्गावर गाड्यांस पूर्वीं १,५०० व्होल्टांची एकाच दिशेनें वाहणारी डीसी वीज होती, ती २०१५ पर्यंत बदलून २५,००० व्होल्टांची दिशा पालटणारी एसी वीज आली. अशी वीज डोक्यावरील तारेंतून वाहतांना शेजारून समांतर गेलेल्या लांब तारांतहि थोडी वीज उत्पन्न करते. म्हणून सिग्नलाचा एलईडी असा बनवावा लागतो कीं विवक्षित दाबाच्या खालीं तो मुळींच उजळूं नये. अल्पसंतुष्टपणा हा घरच्या दिव्याचा सद्गुण. सिग्नलाच्या दिव्यास तो सोडून द्यावा लागला.

यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. जुन्या खांबांतून बल्ब काढला आणि तेथें एलईडी फिरवून बसविला, असें येथें चालत नाहीं. पांढरा एलईडी जुन्या तांबड्या भिंगामागें ठेवला तर तांबडा प्रकाश पुरेसा निघत नाहीं, कारण त्या पांढऱ्यांत तांबड्याचा अंश बेताचाच असतो. घासलेटची ज्योत व निळसर कांच यांचा जुना धडा येथें पुन्हा उपयोगीं पडला. भिंग, रिले, तारा, दाब हें सर्व एकत्र विचारांत घेऊनच दिवा बदलावा लागतो.

एवढें करूनहि एलईडी निर्दोष ठरत नाहीं. वाचकांच्या घरचे दोन दिवे वर्षांत गेले, त्यांतील एलईडी बहुधा शाबूत असतील; गेला असेल तो त्यास वीज पुरविणारा, बुडाशीं असलेला लहानसा यंत्रभाग. सिग्नलांतहि दुखणें पुष्कळदां तेथेंच असतें. वैशाखाच्या उन्हांत तापलेली लोखंडी पेटी आणि मृगाच्या विजांचा कडकडाट हे या भागाचे दोन शत्रु. उष्णतेचा एक उलटा प्रकारहि आहे. अमेरिकेच्या थंड प्रांतांत रस्त्यांवरील सिग्नलांत एलईडी आल्यावर हिंवाळ्यांत त्यांचीं तोंडें बर्फानें झांकूं लागलीं. जुना बल्ब आपल्या फुकट जाणाऱ्या उष्णतेनें तें बर्फ वितळवीत असे, हें तोंवर कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. नाहूरास बर्फ पडणार नाहीं. पण ज्यास आपण उधळेपणा म्हणतों त्यांतहि एखादें काम लपलेलें असतें, हें तेथें दिसलें. शिवाय एलईडीचा प्रखर, एकाच दिशेनें येणारा प्रकाश दिवसां हिताचा असला तरी काळोख्या रात्रीं, ओल्या कांचेंतून, डोळ्यांस टोंचूं शकतो. मोटरमनचा डोळा हाहि या यंत्राचाच एक भाग आहे, हें विसरून चालणार नाहीं.

आणि दिवा कितीहि चांगला असला तरी तो यंत्राचें केवळ तोंड आहे. २ जून २०२३ रोजीं ओडिशांतील बहानगा बाजार स्टेशनांत कोरोमंडल एक्सप्रेसचा जो भयंकर अपघात झाला, त्यांत दिवा विझला नव्हता. मार्ग बाजूच्या रुळाकडे वळलेला असतां सिग्नल मात्र सरळ मार्गाचा हिरवा होता. तारांची जोडणी चुकल्यामुळें हें घडलें, असें चौकशींत निष्पन्न झालें. दोनशें नव्वदांहून अधिक माणसें मरण पावलीं. तोंड स्वच्छ होतें, पण त्यास खोटें बोलावयास लाविलें होतें. म्हणून दिव्याच्या निवडीस महत्त्व द्यावें, पण तिच्यावर सारा भरवसा टाकूं नये. दिव्यामागची तार ज्यानें जोडली, त्याचें काम दुसऱ्यानें तपासलें कीं नाहीं, हा प्रश्न दिवा कोणता या प्रश्नाहून लहान नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय काय ? सिग्नलांत एलईडी घेणें योग्य झालें, असें आमचें मत आहे. त्यानें रुळांवरील माणसाच्या खेपा कमी होतात, उन्हाचा आभास कमी होतो, आणि एका तारेवर सर्वांचा जीव टांगलेला राहत नाहीं. परंतु बल्बाचा एक गुण, तो जातो तेव्हां लपवीत नाहीं हा, एलईडीस जन्मतः नाहीं. तो त्यास बाहेरून द्यावा लागतो, आणि दिलेला टिकला आहे कीं नाहीं हें वेळोवेळीं पाहावें लागतें. दिवा लांब टिकतो म्हणून त्याकडे जाणेंच सोडलें, तर समईच्या वाती विझत राहतील. खेपा कमी व्हाव्या. पाहणी कमी होऊं नये. तरुण पक्षाचें म्हणणें दिव्यापुरतें खरें, आणि वडील पक्षाचें पाहणीपुरतें खरें.

वाचकांनीं घरींहि हा नियम लावून पाहावा. दिवाणखान्यांतील दिवा बिल पाहून घ्यावा, त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पण आजोबा रात्रीं ज्या जिन्यानें उतरतात तेथील दिवा, न्हाणीघराच्या वाटेवरील दिवा, इमारतीच्या सामायिक जिन्यांतील दिवा, यांची निवड निराळ्या विचारानें करावी. तेथें एका मोठ्या दिव्याऐवजीं दोन लहान लावावे, म्हणजे एक गेला तरी पायरी दिसेल. आणि महिन्यांतून एक दिवस ठरवून दोन्ही लागतात कीं नाहीं हें घरांतील एखाद्या मुलास पाहावयास सांगावें. दोघांपैकीं एक गेलेला असूनहि 'उजेड आहे ना' म्हणून सारे स्वस्थ बसतात, तेव्हांच समईची गोष्ट घरांत घडत असते. ज्या दिव्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तो किती वीज खातो हें मागाहून विचारावें. तो गेला तर आपणांस कोण व केव्हां सांगेल, हें आधीं विचारावें.